घर्षण नगण्य मानू

व्यायामशाळेच्या तुळईला चढाईचा जुना दोर होता.
त्याच्या टोकाला तुर्सुनाय एजेंनी
सोळा किलोचं लोखंडी वजन बांधलं,
पैलवान उचलतात ते, मुठीचं.
नारीनमध्ये जानेवारी होता. शाळेचा कोळसा संपलेला.
पेनातली शाई आम्ही काखेत धरून वितळवायचो.

भिंतीला डोकं टेकून एजे उभ्या राहिल्या,
दोर ताणून वजन हनुवटीशी आणलं
आणि सोडलं.
ढकललं नाही. नुसतं सोडलं.

ते गेलं, तळाशी हवेला हुंकारायला लावून
पलीकडे चढलं,
बास्केटबॉलच्या खांबापाशी क्षणभर थबकलं
काहीतरी विसरल्यासारखं,
आणि निघालं परत, सरळ त्यांच्या तोंडावर.
कुबातने डोळे मिटले. मुली ओरडल्या.
एजेंची पापणीसुद्धा लवली नाही.
वजन हनुवटीच्या बोटभर अलीकडे थांबलं
आणि मागे वळलं.

"उंची खर्च केली की वेग मिळतो,
वेग खर्च केला की उंची.
बेरीज तीच. या हिशोबात उधारी नाही,
म्हणून मी घाबरले नाही."

मग आमची पाळी.
मागच्या बाकावरची जिपारा बघत होती,
म्हणून मी सोडताना वजनाला हलकासा धक्का दिला.
समोरच्या दाताचा तुकडा अजून त्या फळ्यांच्या फटीत असेल.
रुमाल ओला करून देत एजे म्हणाल्या,
"धक्का तुझा होता. तुलाच परत मिळाला."

कुबातला वेगळीच खोड.
"पण एजे, ते बोटभर कमी का आलं?
ते बोट गेलं कुठे?"
"शिडी लाव. वरच्या गाठीला हात लाव."
तो चढला, हातमोजा दातांनी ओढून काढला,
बराच वेळ चाचपत राहिला.
"गारच आहे."
"तुझ्या बोटांना कळत नाही इतकीच तापलीय.
थोडं तिथे आहे, थोडं हवेत. हरवलं नाही.
फक्त आता त्याला परत बोलावता येणार नाही."

पुस्तकातलं पुढचं गणित असं होतं:
एक ट्रक इंजिन बंद करून घाटाची तीनशे मीटर उंची उतरतो.
घर्षण नगण्य मानू.
पायथ्याशी त्याचा वेग किती?

कोणीच पेन्सिल उचलली नाही.
साग्यनबाईंचा कमाझ, तुर्सुनाय एजेंच्या नवऱ्याचा,
आदल्या सप्टेंबरात डोलोनच्या उतारावर
कोळशासकट सुटला होता. ब्रेक जळून गेले होते.
अख्ख्या गावाला ठाऊक. पुस्तकाला नाही.

एजेंनी स्वतःच सोडवलं.
दोन गुणिले नऊ दशांश आठ गुणिले तीनशे, मग वर्गमूळ.
सेकंदाला सुमारे सत्त्याहत्तर मीटर.
उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.
पाठमोऱ्याच म्हणाल्या,
"उत्तर बरोबर आहे. कागदावर.
खऱ्या घाटात मात्र कोणी घर्षण नगण्य मानू नये.
ब्रेक म्हणजे उंचीची राख करायचं यंत्र.
तेवढी राख झाली तरच
माणूस घरी येऊन जेवतो."
मग हजेरी घेतली. ती सुरुवातीलाच घेतली होती,
पण कोणी बोललं नाही. सगळे पुन्हा हजर म्हणाले.

मी आता बटाटे नेतो, बिश्केकपर्यंत.
डोलोन उतरलो की पहिल्या सपाटीला गाडी लावतो,
चाकाजवळ उकिडवा बसतो, हात लांबच धरतो.
जळक्या रबराचा वास, लोखंडाची धग:
अख्खा डोंगर तिथे असतो, गरम होऊन.
वरून पडणारा बर्फ चाकावर चुर्र करून उडतो.
जीभ आपसूक तुटक्या दाताशी जाते.

घाई नसते. थर्मासचं झाकण उघडतो.
चहा संपेस्तोवर
निवू देतो तो सगळा डोंगर.